नागपूजा : भय, भक्ती आणि अभय

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



श्रावण शुद्ध पंचमीच्या दिवशी सप्तशृंगीच्या पायथ्याच्या या परिसरात एक विलक्षण दृश्य दिसते. सकाळी घरोघरी पाटावर अथवा भिंतीवर नाग रेखाटला जातो. त्याला हळद-कुंकू, दूर्वा, लाह्या आणि दुधाचा नैवेद्य अर्पण होतो. त्याच सकाळी जिनमंदिरात श्रावक सप्तफणांच्या छत्राखाली ध्यानस्थ असलेल्या प्रभू पार्श्वनाथांपुढे मस्तक नमवितात. आणि त्याच सायंकाळी एखाद्या वखारीत किंवा द्राक्षमळ्याच्या बांधावर खरोखरीचा नाग दिसला, तर पहिली आरोळी उठते ती "काठी आणा!" अशी. एकाच दिवसात एकाच प्राण्याविषयी भक्तीही प्रकटते आणि भयही. या दोहोंच्या पलीकडे एक तिसरी भूमिका आहे. ती म्हणजे अभय. भयापासून भक्तीपर्यंत मानवाने कसा प्रवास केला आणि भक्तीपासून अभयापर्यंतचा प्रवास अद्याप किती शिल्लक आहे, याचा विचार आजच्या विषयात करावयाचा आहे.

नागपूजा ही भारतीय उपखंडातील अतिप्राचीन उपासना होय. अथर्ववेदात आणि यजुर्वेदात सर्पांना उद्देशून मंत्र आढळतात. गृह्यसूत्रांनी श्रावणी पौर्णिमेस सर्पबलीचे विधान सांगितले आहे. पावसाळ्यात बिळे पाण्याने भरतात, सर्प बाहेर पडतात आणि नेमक्या याच दिवसांत शेतकरी अनवाणी शेतात वावरतो. त्यामुळे नागाची आराधना वर्षाऋतूत यावी, यात नवल नाही. जल, भूमी आणि सुफलता यांच्याशी नागाचे नाते सर्वत्र जोडलेले दिसते. काश्मीरमध्ये झऱ्यालाच 'नाग' म्हणतात. अनंतनाग आणि वेरीनाग ही नावे त्याचीच साक्ष देतात. केरळात घराच्या आवारात सर्पकावू म्हणजे सर्पांसाठी राखलेली लहानशी देवराई असते आणि तेथील झाडे तोडली जात नाहीत. त्याच राज्यातील मन्नारशाला या प्रसिद्ध नागक्षेत्री मुख्य पुजारीपद स्त्रीकडे असते. कर्नाटकात पिंपळाच्या पारावर नागशिळा उभ्या दिसतात. नेपाळात नागपंचमीस दारावर नागाचे चित्र चिकटवितात. श्रीलंकेच्या उत्तरेस नैनातीवू बेटावर नागपूषणी अम्मनचे मंदिर आहे. आपल्या सीमेलगत तेलंगणातील केसलापूर येथे गोंड समाजातील मेस्राम कुळाची मंडळी पौष अमावास्येस नागोबाची जत्रा भरवितात आणि त्यासाठी गोदावरीचे जल पायी चालत जाऊन आणतात. ज्या गोदेचा उगम आपल्या नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरी होतो, तिचेच ते जल!

व्यापारी समाजाने आवर्जून लक्षात ठेवावी अशी कथा बंगालमधील मनसादेवीची आहे. चांद सौदागर नावाचा धनाढ्य व्यापारी सर्पदेवता मनसेला फूल वाहण्यास नकार देतो. त्याची गलबते बुडतात, पुत्र सर्पदंशाने मरण पावतात. अखेर धाकट्या पुत्राची पत्नी बेहुला पतीचे शव घेऊन तराफ्यावरून देवलोकापर्यंत जाते आणि त्याचे प्राण परत मिळविते. तेव्हा कुठे चांद सौदागर देवीला फूल अर्पण करतो, तेही डाव्या हाताने आणि तोंड फिरवून! भयापोटी घडणारी भक्ती कशी असते, याचे याहून नेमके चित्र क्वचितच सापडेल.

याच्या उलट मारवाडातून महाराष्ट्रात आलेल्या कुटुंबांना परिचित असलेली वीर तेजाजींची लोककथा आहे. तेजाजींनी आगीतून एका सर्पास वाचविले. तो सर्प दंश करावयास उद्यत झाला असता, हाती घेतलेले कार्य पूर्ण करून परत येईन, असे वचन त्यांनी दिले. चोरांनी नेलेली गुरे सोडवून, सर्वांगावर घाव झालेले असताना ते खरोखरच परतले आणि घाव नसलेली एकमेव जागा म्हणून त्यांनी आपली जीभ दंशासाठी पुढे केली, असे लोक सांगतात. येथे भयाचा लवलेश नाही. सर्पासही दिलेला शब्द पाळावा लागतो, हा त्या कथेचा गाभा आहे.

महाराष्ट्रातील नागपंचमीचे स्वरूप मुख्यतः कौटुंबिक आणि स्त्रीप्रधान आहे. नागचतुर्थीस बहिणी भावासाठी उपवास करतात. पंचमीस वारुळाची पूजा होते, मेंदी लागते, झाडाला झोके बांधले जातात, माहेरवाशिणी गाणी म्हणत फेर धरतात. त्या दिवशी चिरणे, कापणे, भाजणे, तळणे वर्ज्य मानले जाते. चुलीवर तवा चढत नाही. उकडलेली पुरणाची दिंडे करतात. शेतकरी नांगर धरीत नाही, जमीन खणीत नाही. या निषेधांमागचे कारण सांगणारी कहाणी आजीच्या तोंडून अनेकांनी ऐकलेली असेल. एका शेतकऱ्याच्या नांगराच्या फाळाने वारूळ फुटते आणि नागिणीची पिले मरतात. शेतकऱ्याच्या मनात वैर नव्हते. त्याला ठाऊकही नव्हते. परंतु नागिणीची पिले मात्र गेली. क्रुद्ध नागीण त्याच्या सर्व कुटुंबाला दंश करते आणि विवाहित कन्येलाही दंश करावयास तिच्या सासरी पोहोचते. तेथे ती कन्या पाटावर नाग काढून दूध-लाह्यांनी मनोभावे पूजा करीत असते. नागीण शांत होते, अमृत देते आणि माहेरची माणसे पुन्हा जिवंत होतात.

ही कहाणी वरवर चमत्काराची वाटते. परंतु तिचा खरा विषय 'अजाणतेपणी घडलेली हिंसा' हा आहे. मारण्याचा हेतू नसतानाही आपल्या कामाच्या ओघात एखाद्या जिवाचा संसार उद्ध्वस्त होऊ शकतो, हे आपल्या अशिक्षित म्हणविल्या गेलेल्या आजी-पणजींना ज्ञात होते. म्हणूनच वर्षातून एक दिवस तरी नांगर, कुदळ, विळी आणि तवा यांना विश्रांती द्यावी, असा नियम त्यांनी घातला. आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला, मध्यवर्ती स्थान दिले आहे. त्या सूत्राचा आणि या कहाणीचा रोख एकाच दिशेचा आहे.

आपल्याच परिसरातील सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवण या भागांत कोकणा व इतर आदिवासी बांधव वाघदेव आणि नागदेव यांना मानतात. लाकडी अथवा दगडी फळीवर सूर्य, चंद्र, वाघ आणि नाग कोरलेले असतात आणि वाघबारसेस त्यांची पूजा होते. ज्यांच्या सान्निध्यात राहावयाचे, त्यांच्याशी सलोखा राखावा, हा त्यामागील साधा भाव आहे. त्र्यंबकेश्वरी होणारा नारायण-नागबळी हा विधीही सर्वश्रुत आहे. हातून नागहत्या घडली असल्यास त्या पापाच्या निवारणार्थ कणकेचा नाग करून त्याचे अंत्यसंस्कार केले जातात. विधीविषयी मतभिन्नता असू शकेल. परंतु सर्पाचा मृत्यू हाही मृत्यूच आहे आणि त्याला माणसासारखेच संस्कार घडावेत, हा विचार त्यातून व्यक्त होतो, हे नाकारता येणार नाही.

महाभारताचा आरंभही सर्पकथेनेच होतो. तहानेने व्याकूळ झालेला परीक्षित राजा मौनात असलेल्या शमीक ऋषींच्या गळ्यात मेलेला सर्प अडकवितो. ऋषिपुत्र शृंगी शाप देतो, तक्षक राजाला दंश करतो आणि राजपुत्र जनमेजय सर्व सर्पकुळाच्या संहारासाठी सर्पसत्र आरंभितो. क्षणिक क्रोधातून सुरू झालेली ही सूडाची साखळी अखेर आस्तिक ऋषी तोडतात. आस्तिकांचे पिता ऋषी आणि माता नागकन्या. दोन्ही कुळांचे रक्त अंगी असलेला पुरुषच ते वैर थांबवू शकला. सर्पसत्र थांबले तो दिवस श्रावण शुद्ध पंचमीचा, अशी परंपरागत श्रद्धा आहे. म्हणजेच नागपंचमीच्या मुळाशी नागाचा विजय नाही आणि मानवाचाही नाही. तेथे वैराचा अंत आहे.

बौद्ध परंपरेत बोधिप्राप्तीनंतर वादळी पावसात मुचलिंद नागराज बुद्धांवर फणा धरतो. अजिंठ्याच्या १९ व्या लेण्याबाहेर नागराज आणि नागराणी यांचे प्रसन्न शिल्प आजही पाहावयास मिळते. श्रमण परंपरेत नाग हा शत्रू नसून रक्षक आहे, याची ही साक्ष होय.

आता आपल्या परंपरेकडे वळू. तेविसावे तीर्थंकर भगवान पार्श्वनाथ यांचा जन्म वाराणसीच्या राजा अश्वसेन आणि माता वामादेवी यांच्या पोटी झाला. त्यांचे लांछन सर्प. कुमारावस्थेत असताना कमठ नावाचा तापस पंचाग्नी साधना करीत असल्याचे त्यांनी पाहिले. सभोवती लोकांची गर्दी, जयजयकार, फुले आणि नैवेद्य. पार्श्वकुमारांनी ज्ञानबळाने जाणले की, जळत असलेल्या त्या लाकडात सर्प आहे. त्यांनी तापसास थांबविले आणि लाकूड चिरविले. आतून अर्धवट होरपळलेला नाग निघाला. दिगंबर परंपरेत नाग-नागिणीचे युगुल सांगितले जाते. मरणासन्न अवस्थेत नमस्कार महामंत्र कानी पडल्याने तो जीव नागकुमार देवांचा इंद्र धरणेंद्र झाला. पुढे कमठाच्या जिवाने देवरूपात ध्यानस्थ प्रभूंवर प्रलयकारी वृष्टीचा उपसर्ग केला, तेव्हा धरणेंद्राने फणांचे छत्र धरले. श्वेतांबर परंपरेत त्या देवास मेघमाली, तर दिगंबर परंपरेत संवर म्हटले आहे.

या कथेत भाविकांचे लक्ष बहुधा फणांकडे जाते. परंतु दोन गोष्टी त्याहूनही मोलाच्या आहेत. पहिली अशी की, तो सर्प धर्मकृत्यातच जळत होता. कमठाला सर्प मारावयाचा नव्हता. तो आपल्या समजुतीप्रमाणे तपच करीत होता. परंतु ज्या तपात जीवदया नाही ते तप अपुरे आहे, हे पार्श्वकुमारांनी भर गर्दीत दाखवून दिले. दुसरी गोष्ट प्रभूंच्या समभावाची. आचार्य हेमचंद्रांनी पार्श्वप्रभूंची स्तुती करताना याच गुणावर बोट ठेवले आहे. उपसर्ग करणारा कमठ आणि रक्षण करणारा धरणेंद्र, दोघांविषयी प्रभूंचे मन सारखेच होते. मरुभूती आणि कमठ या सख्ख्या भावांपासून सुरू झालेले, अनेक भवांतून चालत आलेले वैर एका बाजूच्या क्षमेने संपले. आस्तिकांनी जे यज्ञमंडपात केले, ते प्रभूंनी अंतःकरणात केले.

महाराष्ट्राच्या भूमीवर या प्रसंगाची शिल्पे विपुल आहेत. वेरूळच्या ३० ते ३४ क्रमांकांच्या जैन लेण्यांत पार्श्वनाथांवरील उपसर्गाचे शिल्पपट आढळतात. एकीकडे आक्रमण करणारे भयानक आकार आणि मध्यभागी निश्चल प्रभू. वेरूळच्याच डोंगरावर एका श्रावकाने इ. स. १२३४-३५ मध्ये करविलेली पार्श्वनाथांची भव्य मूर्ती आहे आणि त्यावरील शिलालेखात चक्रेश्वर हे दात्याचे नाव कोरलेले आहे. मनमाडजवळील अंकाई-टंकाईची आणि चांदवडची जैन लेणी तर आपल्या नाशिक जिल्ह्यातीलच. सहलीच्या निमित्ताने तेथे जाणाऱ्या मुलांना सर्पफणांखालील मूर्ती दाखवून ही कथा सांगितली, तर तो दगड त्यांच्याशी बोलू लागेल.

येथे एक तात्त्विक भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे. जैन दर्शनानुसार धरणेंद्र हे भवनवासी देवांच्या नागकुमार निकायातील इंद्र आहेत आणि पद्मावती माता पार्श्वप्रभूंची शासनदेवता आहे. परंतु शेतात, वखारीत दिसणारा सर्प हा देव नव्हे. तो तिर्यंच गतीतील पंचेंद्रिय जीव आहे. शास्त्रकारांनी छातीने सरपटणाऱ्या जिवांचा 'उरपरिसर्प' असा स्वतंत्र गट केला आहे. अर्थात, देव म्हणून त्याची पूजा करणे हे आपले कर्तव्य ठरत नाही आणि शत्रू म्हणून त्याला मारण्याचा अधिकारही मिळत नाही. त्याचे आपल्याकडे एकच मागणे आहे, ते म्हणजे अभयदान.

अभयदानाचा हा विचार चंडकौशिकाच्या कथेत परमोच्च बिंदूला पोहोचतो. पूर्वभवात तो एक तपस्वी मुनी होता. वाटेने जाताना पायाखाली बेडूक चिरडला गेला. शिष्याने आलोचनेची आठवण करून दिली, तेव्हा त्या स्मरणाचा राग आला. क्रोधाने शिष्यावर धावताना खांबावर आदळून तो मरण पावला आणि पुढे कनकखल आश्रमाच्या परिसरात दृष्टिविष सर्प झाला. भगवान महावीर लोकांनी विनविले असतानाही त्याच वाटेने गेले आणि कायोत्सर्गात उभे राहिले. सर्पाने चरणांना दंश केला, तेव्हा दुधासारखे शुभ्र रक्त वाहिले. प्रभूंनी त्याला शांतपणे बोध घेण्यास सांगितले. त्यास पूर्वभवाचे स्मरण झाले. आपल्या दृष्टीने कोणास अपाय होऊ नये म्हणून त्याने तोंड बिळात घातले आणि अनशन स्वीकारले.

येथपर्यंतची कथा सर्वांना ठाऊक आहे. त्यापुढील भाग मात्र क्वचितच सांगितला जातो. सर्प निश्चल पडलेला पाहून आरंभी लोकांनी दगड मारले, काठ्यांनी डिवचले. तो हलत नाही, हे पाहिल्यावर तेच लोक त्याची पूजा करू लागले. ये-जा करणाऱ्या गवळणींनी त्याच्या अंगावर तूप माखले. त्या तुपाच्या वासाने मुंग्या आल्या आणि त्यांनी त्याचे शरीर पोखरून चाळणीसारखे केले. आपण हललो तर मुंग्या चिरडतील, म्हणून त्याने ती वेदना सहन केली आणि देवगती प्राप्त केली. बंधू-भगिनींनो, या प्रसंगाचा क्षणभर विचार करावा. दगडांनी जेवढी वेदना झाली नाही, तेवढी पूजेच्या तुपाने झाली! ज्या बेडकाच्या मृत्यूची आलोचना पूर्वभवी राहून गेली होती, तिची भरपाई त्याने असंख्य मुंग्यांना वाचवून केली. परंतु तूप माखणाऱ्या भक्तांना आपण काय करीत आहोत, याची जाणीवच नव्हती.

शेतकऱ्याचा नांगर, कमठाचा अग्नी आणि गवळणींचे तूप, या तिन्ही कथांतील सर्प कोणाच्याही द्वेषाचा बळी नाही. पहिला कामाच्या ओघात, दुसरा कर्मकांडाच्या ओघात आणि तिसरा भक्तीच्या ओघात पीडला गेला. आपल्या काळातील नागपूजेचे परीक्षण याच निकषावर झाले पाहिजे.

नागपंचमीस गारुडी टोपलीतून नाग आणतो, पुंगी वाजवितो, नाग डोलतो आणि दूध पितो. श्रद्धाळू कुटुंब त्याला पैसे व कपडे देते. वास्तविक नागाला बाहेरचे कान नसतात. तो पुंगीच्या सुरांवर डोलत नसून पुंगीच्या हालचालीचा मागोवा घेत असतो. दूध हे सर्पाचे अन्नच नव्हे. ते त्याला पचत नाही. कित्येक दिवस उपाशी आणि तहानेला ठेवलेला जीव समोर येईल ते द्रव पितो, एवढेच. अनेक नागांचे विषदंत उपटलेले असतात आणि तोंडातील त्या जखमांनी ते पुढे मरतात. म्हणजे तुपाने माखलेल्या चंडकौशिकाची कथा दरवर्षी दारात घडत असते आणि त्याला पुण्यकर्म समजले जाते.

जीवदयेच्या भावनेने काही श्रावक गारुड्याला रक्कम देऊन नाग सोडवितात. हेतू निर्मळच असतो. परंतु व्यापार जाणणाऱ्या समाजाला निराळे सांगावयास नको की, जेथे मागणी असते तेथे माल येतोच. सोडविण्यासाठी मोजलेला प्रत्येक रुपया ही पुढील नाग पकडण्याची आगाऊ रक्कम ठरते. जमेच्या बाजूस एक जीव दिसतो. खर्चाच्या बाजूचे जीव मात्र वहीत लिहिले जात नाहीत. मांडूळ या निरुपद्रवी, बिनविषारी सापाच्या बाबतीतही हेच घडते. गुप्तधन मिळते, भरभराट होते अशा भ्रामक समजुतींपायी त्याची तस्करी होते. आणि त्या मोहात केवळ अडाणीच नव्हे, तर शिकलेली, संपन्न माणसेही फसतात. धनलाभासाठी जिवाचा सौदा करणे जैन घराण्यास शोभणारे नाही.

या संदर्भात सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याचे उदाहरण बोलके आहे. गोरक्षनाथ भिक्षेस आले असता एक गृहिणी मातीच्या नागाची पूजा करीत होती. भिक्षेस विलंब झाला. तेव्हा नाथांनी तिच्या भक्तीस्तव जिवंत नागाची पूजा सुरू करून दिली, अशी तेथील दंतकथा आहे. त्यानुसार पिढ्यानपिढ्या तेथील तरुण पंचमीपूर्वी नाग पकडीत, मडक्यांत ठेवीत, पूजा व मिरवणूक झाल्यावर पुन्हा रानात सोडीत. आपण नागांना जिवापाड जपतो, अशी शिराळकरांची प्रामाणिक भावना होती आणि तिचा अनादर करण्याचे कारण नाही. तथापि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार नाग पकडणे व बाळगणे निषिद्ध आहे. प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने जिवंत नागांच्या पूजेस व मिरवणुकीस पायबंद बसला. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, १ एप्रिल २०२३ पासून, नागाचा समावेश कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत झाला. २०२५ साली केंद्र शासनाने पारंपरिक ज्ञान व शिक्षण या प्रयोजनापुरती, काही मोजक्या व्यक्तींना अटींसह परवानगी दिली. श्रद्धा आणि कायदा यांच्यातील हा संवाद अद्याप चालूच आहे. मात्र एक गोष्ट विसरू नये. त्या दंतकथेचा आरंभच मातीच्या नागाने होतो. त्या माउलीची भक्ती मातीच्या नागापुढेही परिपूर्णच होती.

हे सर्व खरे असले, तरी सर्पदंशाचे भय काल्पनिक आहे, असे म्हणणे सत्याशी प्रतारणा ठरेल. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मृत्युमुखी पडली. वर्षाला सरासरी ५८ हजार! त्यांत बहुसंख्य ग्रामीण, शेतात राबणारी माणसे होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाचा दुर्लक्षित आजारांच्या यादीत समावेश केला आणि भारत सरकारने २०२४ साली राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. आपल्या दुकानात खरेदीस येणारा शेतकरी आणि द्राक्षबागेत राबणारा मजूर यांच्या घरचा हा प्रश्न आहे. सर्पावर दया करताना या माणसांचा विसर पडला, तर ती दया अर्धीच राहील.

भारतात सर्पांच्या ३०० हून अधिक जाती आहेत. त्यांपैकी सुमारे ६० विषारी आहेत आणि माणसाला सर्वाधिक धोका मुख्यतः चौघांपासून असतो. ते म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. या चारही विषांवर परिणामकारक ठरणारे प्रतिविष घोड्यांच्या रक्तातील द्रवापासून तयार केले जाते आणि मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव या कार्याशी दीर्घकाळ जोडलेले आहे. दंश झाल्यास मांत्रिकाकडे अथवा देवळात नेण्यात वेळ दवडू नये. जखम कापू नये, विष चोखू नये, आवळपट्टी करकचून बांधू नये. रुग्णास धीर द्यावा, दंश झालेला अवयव हलू देऊ नये, अंगठ्या व बांगड्या काढाव्यात आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून अथवा मिळेल त्या वाहनाने विनाविलंब शासकीय रुग्णालय गाठावे. मण्यार रात्री झोपेत चावते आणि तिचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही. यास्तव जमिनीवर निजणाऱ्यांनी मच्छरदाणी नीट खोचून वापरावी. रात्री शेतात जाताना विजेरी आणि बूट असावेत. हे उपाय अल्पखर्चाचे आहेत आणि ज्यांना तेही परवडत नाहीत, त्यांच्यासाठी दानशूर हात पुढे येऊ शकतात. नागपंचमीस वारुळात दुधाच्या पिशव्या रिकाम्या करण्याऐवजी ते दूध आश्रमशाळेतील मुलांना मिळाले आणि गारुड्यास द्यावयाच्या रकमेतून शेतमजुरांना मच्छरदाण्या व विजेऱ्या मिळाल्या, तर ती पूजा धरणेंद्रासही मान्य होईल.

सर्प आपण होऊन माणसावर चालून येत नाही, हे सिद्ध करण्यासाठी पुण्याच्या नीलिमकुमार खैरे यांनी १९८० साली काचेच्या खोलीत ७२ विषारी सर्पांसमवेत ७२ तास वास्तव्य केले. पुढे कात्रजच्या सर्पोद्यानाची उभारणी त्यांच्याच प्रयत्नांतून झाली. असे साहस सामान्यांनी करावयाचे नाही. बोध मात्र घ्यावयाचा. डिवचले नाही, तर दंश नाही. 'डूख धरणे' ही सर्पाची नव्हे, माणसाची वृत्ती आहे. धामणीसारखे साप उंदीर खाऊन शेतकऱ्याचे धान्य राखतात. वखारीत उंदीर असतील तर त्यांच्या मागे साप येणारच. म्हणून गठ्ठे जमिनीपासून उंच ठेवावेत, भिंतीलगत अडगळ साठू देऊ नये, फटी बुजवाव्यात. तरीही साप आलाच, तर 'साप साप म्हणून भुई धोपटण्या'पेक्षा दूर उभे राहून त्यावर नजर ठेवावी आणि वनविभागास १९२६ या क्रमांकावर अथवा जाणकार सर्पमित्रास कळवावे.

श्रावक सामायिक-प्रतिक्रमणात इरियावहियं सूत्र म्हणतात. चालता-फिरता एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत ज्या जिवांना पीडा झाली, त्या सर्वांची क्षमा त्यात मागितली जाते. चंडकौशिकाच्या पूर्वभवात नेमकी हीच क्षमा मागावयाची राहिली होती आणि एका बेडकाचे ऋण त्याला भवोभव फेडावे लागले. नांगर, अग्नी आणि तूप यांच्यापासून सावध राहण्याचे शिक्षण याच सूत्रात सामावलेले आहे. मात्र ते ओठांपाशी न थांबता हातांपर्यंत उतरले पाहिजे.

प्रभू पार्श्वनाथांच्या मस्तकावरील फणांचे छत्र आपण नित्य पाहतो. त्या छत्रामागे जळत्या लाकडातून सोडविलेला एक जीव आहे. ज्याला अभय मिळाले, त्यानेच पुढे छत्र धरले. येत्या नागपंचमीस घराघरांत मातीचा अथवा चित्रातील नाग अवश्य पुजला जावो, दिंडे उकडली जावोत, मुलींचे झोके उंच जावोत. आणि सायंकाळी वखारीत खरा नाग दिसलाच, तर 'काठी आणा' या आरोळीऐवजी 'थांबा, त्याला वाट द्या' असे शब्द कानी पडोत. त्या दिवशी भयाकडून भक्तीकडे आणि भक्तीकडून अभयाकडे निघालेला प्रवास आपल्या गावापुरता तरी पूर्णत्वास जाईल.

या विवेचनात वीतराग वाणीच्या विरुद्ध काही उच्चारले गेले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!